भाजी हिरवीगार आहे, म्हणजे ती चांगली आहे का? मातीतल्या जड धातूंचं झाडं काय करतात?

जुलैच्या पावसात त्र्यंबकेश्वर तालुक्यात भाताची आवणी सुरू असते. महिना-दीड महिन्यानंतर त्यातलं एखादं रोप मुळासकट उपटून स्वच्छ पाण्यात धुतलं, तर मुळं पांढरी दिसत नाहीत. त्यांच्यावर गंजासारखा तांबूस थर असतो आणि तो चोळूनही नीट निघत नाही. बघणाऱ्याला वाटतं, चिखल चिकटलाय. प्रत्यक्षात तो खरोखरच गंज असतो आणि भाताच्या रोपानेच तो तयार केलेला असतो.

पाण्याखालच्या मातीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो. अशा मातीतलं लोह पाण्यात विरघळतं आणि मुळांभोवती गोळा होतं. फार लोह आत शिरलं तर रोपाला ते विषासारखं बाधतं. पण भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून आलेला ऑक्सिजन या पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोहोचतो आणि थोडा बाहेर झिरपतो. बाहेर विरघळलेल्या लोहाशी त्याची गाठ पडली की लोह गंजतं आणि मुळावरच बसतं. या गंजाच्या थराला मग आर्सेनिकसारखे इतर घटकही चिकटून राहतात, आत जात नाहीत. म्हणजे रोप स्वतःभोवती एक गाळणी विणतं.

झाडाला जागेवरून हलता येत नाही. माती बिघडली तरी तिथेच जगायचं असतं. त्यामुळे कोट्यवधी वर्षांत झाडांनी धातूंशी निभावून नेण्याच्या बऱ्याच युक्त्या कमावल्या आहेत. त्या युक्त्या झाडाच्या फायद्याच्या असतात, खाणाऱ्याच्या फायद्याच्या असतीलच असं नाही. ताटात येणाऱ्या भाताचा आणि भाजीचा प्रश्न नेमका इथेच सुरू होतो.

आधी, 'जड धातू' म्हणजे काय?

शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त ही नावं या यादीत येतात. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण वागणूक तशीच, म्हणून त्यालाही याच रांगेत बसवतात. यातलं तांबं, जस्त आणि थोडं निकेल झाडाला हवंच असतं. तांब्याशिवाय प्रकाशसंश्लेषणाची साखळीच पूर्ण होत नाही. अडचण होते ती प्रमाण वाढल्यावर. कॅडमियम, शिसं आणि पाऱ्याचा मात्र पिकांना काहीच उपयोग नाही. ते आत शिरतात, कारण दार उघडं असतं.

हे धातू कुजत नाहीत. शेण, पालापाचोळा, बहुतेक कीटकनाशकं कधी ना कधी तुटून जातात. कॅडमियमचा अणू शंभर वर्षांनीही कॅडमियमच राहतो. एकदा शेतात आला की तो पिकातून बाहेर जातो, पाण्यासोबत वाहतो किंवा तिथेच बसून राहतो.

त्र्यंबकची माती मुळातच धातूंची

'मातीत तांबं सापडलं', 'मातीत क्रोमियम सापडलं' अशा बातम्या वाचून घाबरण्याआधी सह्याद्रीचा खडक समजून घ्यायला हवा. ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि भोवतालचे सगळे डोंगर बेसाल्टचे आहेत. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड. त्यात लोह, तांबं, निकेल, क्रोमियम नैसर्गिकरीत्याच भरपूर असतं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. जगातल्या सरासरी मातीत ते २०-३० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणून युरोपातल्या मातीसाठी ठरवलेली मर्यादा घेऊन इथली माती मोजली, तर कारखाना दिसेल तिकडे नसतानाही ती 'प्रदूषित' ठरू शकते.

मग या मातीतली झाडं मरत का नाहीत? कारण मातीत किती धातू आहे यापेक्षा त्यातला किती पाण्यात सुटा आहे, हे झाडासाठी महत्त्वाचं असतं. मूळ दगड खात नाही. ते मातीतलं पाणी पितं. खडकाच्या कणांत अडकलेलं तांबं तिजोरीतल्या पैशासारखं असतं, खर्चायला हाताशी नसतं.

तिजोरी उघडण्याचं काम मुख्यतः मातीचा सामू, म्हणजे पीएच करतो. माती आम्ल झाली की कॅडमियम, तांबं, जस्त, निकेल सुटे होतात. माती चुनखडीची, अल्कधर्मी असली की ते घट्ट धरले जातात. त्र्यंबकला नाशिक शहराच्या दोन-तीन पट पाऊस पडतो. असा पाऊस उतारावरच्या पातळ मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती आम्लाकडे झुकते. तेच पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला निफाडकडे गेलं की काळी, चुनखडीयुक्त माती लागते आणि सामू ८ च्या आसपास पोहोचतो. एकाच जिल्ह्यात, एकाच नदीच्या काठी, सारख्याच धातूची झाडापर्यंत पोहोचण्याची शक्यता अशी बदलते. आर्सेनिकची तऱ्हा मात्र वेगळी आहे, त्याबद्दल पुढे.

जाता जाता नाण्यांचा विषय. 'पूर्वज तांब्याची नाणी कुंडात टाकायचे, त्यामुळे पाणी शुद्ध व्हायचं' हा मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो. तांबं जंतूंना मारतं हे खरं आहे, तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात ते दिसूनही येतं. पण वाहत्या नदीत किंवा हजारो भाविक स्नान करतात अशा कुशावर्तात मूठभर नाण्यांचा परिणाम शून्याच्या जवळ. शिवाय आज खिशातली नाणी बहुतेक स्टेनलेस स्टीलची असतात, म्हणजे लोह आणि क्रोमियम. त्यांच्याकडून शुद्धीकरणाची अपेक्षा करणं हा त्या नाण्यांवर अन्याय आहे.

मूळ दारातच अडवतं, पण सगळ्यांना नाही

सुटा धातू मुळाजवळ आला की पहिली आडकाठी मुळाच्या पेशींच्या भिंतीची. तिच्यातलं पेक्टिन, तेच ज्यामुळे जॅम घट्ट होतो, शिसं आणि तांबं पकडून ठेवतं. त्याच्या आत मुळाच्या मध्यभागाभोवती मेणचट पदार्थाचा एक पट्टा असतो. पाणी आणि क्षार पेशींच्या फटींतून थेट वर जाऊ नयेत, प्रत्येकाने एखाद्या पेशीच्या पडद्यातून, म्हणजे तपासणीतून जावं, अशी ही रचना. शिसं बहुतेक इथवरच थांबतं. क्रोमियमही बरंचसं मुळातच राहतं.

कॅडमियम मात्र चलाख निघतं. पेशीच्या पडद्यात लोह, जस्त, मँगनीज आत घेण्यासाठी प्रथिनांची दारं असतात. कॅडमियमचा आकार आणि विद्युतभार या धातूंशी इतका मिळताजुळता असतो की दाराला फरक कळत नाही. भातात कॅडमियम मुख्यतः मँगनीजच्या दारातून शिरतं, हे २०१२ मध्ये स्पष्ट झालं. हे दार बंद असलेला भात तयार केला तर तांदळातलं कॅडमियम जवळजवळ नाहीसं होतं. आर्सेनिकचा आणखी वेगळा डाव. पाण्याखालच्या मातीत आर्सेनिकचं जे रूप असतं ते सिलिकासारखं दिसतं आणि भाताला सिलिका भरपूर लागतं. पान हातावरून फिरवल्यावर जी धार लागते ती सिलिकाचीच. भात हौसेने सिलिका ओढतो आणि आर्सेनिकही सोबत येतं.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी. झाडाला लोह कमी पडलं की ते लोहाची दारं वाढवतं. दारं वाढली की कॅडमियमही जास्त शिरतं. नेमकं हेच माणसाच्या आतड्यातही घडतं.

आत शिरलेल्या धातूचं काय?

पेशीत मोकळं फिरणारं कॅडमियम जस्ताची आणि कॅल्शियमची जागा बळकावतं, एन्झाइम बंद पाडतं आणि पेशीत ऑक्सिजनची आक्रमक रूपं वाढवतं. पडदे फाटतात, हरितद्रव्य तुटतं, मुळांची वाढ खुंटते. म्हणून झाडाला घाई असते ती या धातूला बांधून टाकण्याची.

हे बांधणं कसं होतं याचा मोठा उलगडा १९८५ मध्ये म्युनिकमध्ये झाला. एर्विन ग्रिल, एर्न्स्ट-लुडविग विनाकर आणि माइनहार्ट झेंक या तिघांनी झाडाच्या पेशींना कॅडमियम दिलं आणि पेशी त्याला कशाने पकडतात ते शोधलं. त्यांनी वापरलेल्या पेशी होत्या सर्पगंधेच्या. रक्तदाबावरच्या औषधामुळे जगभर गाजलेली, सह्याद्रीतही आढळणारी तीच वनस्पती. सापडलेल्या पदार्थांना नाव मिळालं फायटोकेलेटिन. ही गंधकयुक्त छोटी साखळी असते आणि तिचा गंधक धातूला चिमट्यासारखा पकडतो.

ही साखळी बनवणारं एन्झाइम झाडात आधीपासून तयार बसलेलं असतं. धातू आला की तेच जागं होतं, नवीन प्रथिन बनण्याची वाट बघावी लागत नाही. पकडलेला धातू मग पेशीच्या आतल्या एका मोठ्या पिशवीत ढकलला जातो. रसधानी म्हणतात तिला. पानाच्या पेशीचा बराचसा भाग ही पिशवीच व्यापते आणि झाडासाठी ती अडगळीची खोली असते. कुलूप लावलं की घरातल्यांना त्रास नाही.

झाड वाचलं, पान हिरवं राहिलं, शेतकऱ्याला काही जाणवलं नाही. पण ते पान पालकाचं असेल तर अडगळीची खोली कुलपासकट आपल्या कढईत येते.

आधी कोणाला कळतं? झाडाला की खाणाऱ्याला?

अमेरिकेच्या कृषी खात्यातले मृदाशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी १९८० च्या सुमारास या गोंधळात एक उपयोगी रेघ ओढली. त्यांनी धातूंची विभागणी केली ती 'माती आणि ताट यांच्यामध्ये झाड भिंतीसारखं उभं राहतं का' या प्रश्नावर.

शिसं आणि क्रोमियम मातीत आणि मुळातच अडकतात, त्यामुळे पानापर्यंत फारसं पोहोचत नाही. तांबं, जस्त, निकेल वर जातात, पण माणसाला बाधेल इतकं प्रमाण होण्याआधी झाडच पिवळं पडतं, खुरटतं. पीकच हाती येत नाही, मग खाणार काय? कॅडमियमच्या बाबतीत ही भिंत नाही. झाड छान दिसतं आणि विष पार होतं.

याची किंमत जपानने मोजली. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या भागात कामिओका इथे जस्ताची खाण होती. तिथून कॅडमियम नदीत यायचं, नदीचं पाणी भातशेतीत जायचं. पिकं उभी होती, तांदूळ पिकत होता. काठच्या गावांतल्या बायकांची, त्यातही बाळंतपणं झालेल्या वयस्क बायकांची, मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडायची. आजाराचं नावच पडलं 'इताई-इताई', मराठीत सांगायचं तर 'आई गं, आई गं'. १९६८ मध्ये जपान सरकारने याचं कारण कॅडमियम असल्याचं मान्य केलं. शेतांमधली माती बदलण्याचं काम संपायला २०१२ उजाडलं.

त्र्यंबकेश्वरला अशी खाण नाही आणि इथे तसं काही घडतंय असं म्हणण्याचं कारणही नाही. पण जिंझूची गोष्ट दोन कारणांसाठी इथेही लागू पडते. एक, कॅडमियमला खाणच लागते असं नाही. ते रॉक फॉस्फेटमध्ये असतं आणि फॉस्फेट खतांसोबत थोडं थोडं शेतात येतं. शहराच्या सांडपाण्यात आणि मैलापाण्याच्या गाळातही असतं. दुसरं कारण, शरीरात लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम जास्त शोषतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. घरातल्या चौघांनी एकच भाजी खाल्ली तरी ती चौघांना सारखी बाधेल असं नाही. एकदा शरीरात गेलं की कॅडमियम मूत्रपिंडात दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहतं.

नदी खाली उतरते तशी

ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी गंगापूर धरणातून नाशिक शहरात येते. इथे तिला सांडपाणी मिळतं. सातपूरजवळून येणारी नासर्डी, म्हणजेच नंदिनी, शहरातच तिला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात गोदावरी होती. सर्वाधिक ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते.

पण ही यादी बीओडीवर बेतलेली होती. बीओडी सांगतो पाण्यात कुजणारी घाण किती आहे. धातूंबद्दल तो काहीच सांगत नाही. पाणी फेसाळ, दुर्गंधीयुक्त असूनही त्यात धातू नगण्य असू शकतात आणि नितळ पाण्यात ते भरपूर असू शकतात. प्लेटिंगच्या कामात क्रोमियम, निकेल, जस्त वापरतात. त्यांचं पाणी प्रक्रियेविना नाल्यात गेलं तर वास येईलच असं नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या पाण्यावर पुन्हा चर्चा सुरू आहे. ती बहुतेक स्नानाच्या पाण्याभोवती फिरते. धातूंच्या बाबतीत धोका डुबकीत कमी आणि त्याच पाण्यावर वर्षानुवर्षं पिकवलेल्या पालेभाजीत जास्त असतो. त्या पालेभाजीला आकडे कोण विचारणार?

मुंबईत रेल्वे रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या पालक-माठाची चर्चा अनेक वर्षं होते, ती याच कारणाने. तिथे धुळीची भर वेगळी. देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत उतरलेलं शिसं तिथेच आहे. हे शिसं मुळावाटे नाही तर धुळीच्या रूपात पानावर बसून येतं. म्हणून भाजी तीन पाण्यांनी धुण्याचा आजीचा आग्रह शिशाबाबत अगदी बरोबर आहे. कॅडमियम पानाच्या आत असतं, ते कितीही धुतलं तरी जात नाही. मिठाच्या पाण्यानेही नाही, व्हिनेगरनेही नाही, हे रील बघून बाटल्या विकत घेणाऱ्यांसाठी.

निफाड-दिंडोरीत प्रश्न वेगळा: मोरचूद

द्राक्षाच्या बागांमध्ये धातू नदीतून येत नाही. शेतकरी स्वतः तो फवारतो, आणि नाइलाजाने फवारतो. केवडा, ज्याला बागायतदार डाऊनी म्हणतात, तो दमट हवेत काही दिवसांत घड साफ करतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण.

त्याची जन्मकथा मजेदार आहे. फ्रान्समधल्या मेडॉक भागात वाटेवरची द्राक्षं लोक तोडून खायचे, म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. वेली निळ्या-हिरव्या, विषारी दिसायच्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं की केवड्याने बाग झडली तरी कडेच्या वेली टिकल्यात. १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगासमोर मांडलं. चोरांसाठीचा उपाय बुरशीला लागू पडला.

आता थोडं गणित. मोरचुदात तांबं असतं २५ टक्के. एक टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद. एकरी ४०० लिटर फवारलं तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो शुद्ध तांबं. वर्षात अशा चार फवारण्या झाल्या असं धरू. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ८ लाख किलो भरते. सगळं तांबं तिथेच राहिलं तर किलोमागे दरवर्षी ५ मिलिग्रॅमची भर. दहा वर्षांत ५०, पंचवीस वर्षांत १२५. हेक्टरच्या हिशोबात हेच प्रमाण वर्षाला १० किलो होतं. युरोपीय संघाने २०१९ पासून लावलेली मर्यादा आहे सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. युरोपातल्या शतकभर बोर्डो खाल्लेल्या काही द्राक्षमळ्यांत तांबं किलोला शेकडो मिलिग्रॅमवर गेलंय, तेव्हा कुठे ही मर्यादा आली.

निफाडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचं इथे नशीब बरं आहे, ती तांबं घट्ट धरते. जुन्या वेलीची मुळंही खोल असतात, वरच्या थराचा तिला फारसा त्रास होत नाही. फटका बसतो बाग काढल्यावर. त्याच जागी टोमॅटो, मिरची किंवा नवी रोपं लावली, की त्यांची कोवळी मुळं नेमकी तांब्याच्या थरात उतरतात. मुळांची टोकं आखूड, जाडसर, तपकिरी होतात. तांब्यामुळे लोहाचं शोषण बिघडतं, म्हणून कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. शेतकरी म्हणतो लोह कमी पडलंय आणि फेरस सल्फेट टाकतो. चुनखडीच्या जमिनीत साधी लोहाची कमतरताही अशीच दिसते, त्यामुळे हा अंदाज चुकीचा म्हणताही येत नाही. खरं कारण कळायला मूळ उपटून बघावं लागतं आणि माती तपासावी लागते.

मृदा आरोग्य पत्रिका इथे अर्धवटच कामाची. २०१५ पासून सुरू असलेल्या या योजनेत १२ घटक तपासतात. तांबं आणि जस्त त्यात आहे, पण ते कमी पडतंय का हे बघण्यासाठी. जास्त झालंय का, हा त्या कार्डाचा रोखच नाही. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक, क्रोमियम तर यादीतच नाहीत. निर्यातीच्या द्राक्षांतले कीडनाशकांचे अंश तपासायला अपेडाची ग्रेपनेट यंत्रणा आहे, २०१० मध्ये एका वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपने द्राक्षं नाकारल्यानंतर बागायतदारही सावध झाले. फळावर इतकं लक्ष आहे. ते फळ ज्या मातीतून येतं तिच्यावर नाही.

मग झाडांनाच माती साफ करायला लावली तर?

ही कल्पना सोशल मीडियावर फार लोकप्रिय आहे आणि तिला आधार आहे. काही झाडं धातूला अडवत नाहीत, उलट हावरटासारखी साठवतात. अशा सुमारे ७०० प्रजाती माहीत आहेत, त्यातल्या बहुतेक निकेल साठवणाऱ्या. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निळा-हिरवा असतो आणि सुकवल्यावर त्यात जवळजवळ पाव हिस्सा निकेल भरतं. ही झाडं असं का करतात, याचं एक उत्तर म्हणजे अळ्या आणि किडी असलं पान खात नाहीत. २००१ मध्ये आर्सेनिक साठवणारं एक नेचे जगासमोर आलं, टेरिस व्हिटाटा. फ्लोरिडातल्या एका प्रदूषित जागेवर ते सापडलं. भारतात चुन्याच्या जुन्या भिंतींच्या फटींतून, दगडी पायऱ्यांच्या सांध्यांतून डोकावणारं लांब पात्यांचं नेचे अनेकदा तेच असतं.

पण हिशोब करून बघा. समजा मातीत किलोमागे २ मिलिग्रॅम जादा कॅडमियम आहे. हेक्टरच्या वरच्या थरात ते भरतं ४ किलो. समजा मोहरीचं हेक्टरी १० टन सुकं पीक आलं, हे उदार गृहीतक, आणि त्यात किलोला १० मिलिग्रॅम कॅडमियम गेलं. एका पिकात निघालं १०० ग्रॅम. ४ किलो काढायला ४० पिकं. तोवर शेतकऱ्याने खायचं काय? आणि कापलेल्या मोहरीचं करायचं काय? तिचं तेल, पेंड, खत काहीच बिनधास्त वापरता येणार नाही. ती धोकादायक कचरा म्हणून उचलावी लागेल.

हाच मुद्दा गोदावरीच्या जलपर्णीला लागतो. नाशिकपासून खाली नांदूरमधमेश्वरपर्यंत, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, जलपर्णीचे गालिचे दरवर्षी बातमीत असतात. जलपर्णी पाण्यातले धातू मुळांत भरपूर साठवते. म्हणून ती पाणी साफ करते असं म्हणता येईल, पण ती काढून बाहेर नेली तरच. तिथेच कुजली तर धातू परत पाण्यात. आणि काढून तिचं कंपोस्ट करून भाजीच्या वाफ्यात घातलं, तर नदीतले धातू शेतात नेऊन पोहोचवल्यासारखं झालं. जलपर्णीचं खत चांगलंच असतं, नत्र-पालाश भरपूर. फक्त ती कुठल्या पाण्यातून उपसली आणि तिची तपासणी झाली का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

शेतात आणि स्वयंपाकघरात काय करता येतं?

शेतात सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे सामू सांभाळणं. त्र्यंबक, इगतपुरीसारख्या आम्ल जमिनीत चुना आणि भरपूर शेणखत दिलं तर कॅडमियम, तांबं बरंचसं बांधलं जातं. राब भाजण्याची जी राख जमिनीत मिसळते तीही सामू वरच नेते, जरी राब भाजण्यामागे हा विचार नसला तरी. भाताला पाण्याचा पेच आहे. खाचरात पाणी उभं ठेवलं की कॅडमियम गंधकाशी बांधलं जाऊन कमी होतं, पण आर्सेनिक सुटतं. पाणी काढलं की उलट. पश्चिम बंगाल-बिहारसारखा भूजलातल्या आर्सेनिकचा प्रश्न या डोंगराळ पट्ट्याचा नाही, त्यामुळे दाणे भरताना खाचर फार लवकर कोरडं न करणं इथे सोयीचं. सांडपाण्यावर शेती करावीच लागत असेल तर पालक, माठ, मुळा यांच्याऐवजी टोमॅटो, भेंडी, घेवडा, वेलवर्गीय भाज्या बऱ्या, कारण फळापर्यंत धातू पानाच्या मानाने कमी पोहोचतो.

द्राक्षबागेत बोर्डो पूर्ण सोडा असं सांगणं वातानुकूलित खोलीतून सोपं आहे. दमट हंगामात तो शेतकऱ्याचा विमा असतो. पण हवामानाचा अंदाज बघून फवारणी, गरजेपुरतंच प्रमाण, आणि बाग काढताना तांब्यासाठी वेगळी माती तपासणी, एवढं होऊ शकतं.

खाणाऱ्याच्या हातात कमी आहे, पण काहीच नाही असं नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार पालेभाजीत कॅडमियम किलोला ०.२ आणि पॉलिश केलेल्या तांदळात ०.४ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. हे घरी मोजता येत नाही आणि 'घरच्या घरी धातू ओळखा' सांगणारी कुठलीही युक्ती खरी नाही. रोज एकाच ठिकाणची एकच पालेभाजी खाण्याऐवजी भाज्या आणि बाजार बदलत राहिलं की एका शेताचा भार एका शरीरावर पडत नाही. कंदमुळं सोलून घ्यावीत. भात जास्त पाण्यात शिजवून पेज काढून टाकली तर आर्सेनिक थोडं कमी होतं, सोबत काही जीवनसत्त्वंही जातात. घरातल्या मुली-बायकांचं लोह तपासून घेणं हा कॅडमियमवरचाही उपाय आहे, जरी त्याकडे तसं कोणी बघत नसलं तरी. आणि तंबाखू: हे झाड कॅडमियम पानात साठवण्यात फार पुढे आहे. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात कॅडमियम न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट असतं. पालकाच्या जुडीकडे संशयाने बघणाऱ्याच्या खिशात पाकीट असेल, तर सुरुवात तिथून करायला हरकत नाही.